गुऱ्हाळाच्या दिवसांतली भूक

भूक पोटात लागते असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्यानं जन्मात एकदाही बायकांचे ब्लाउज शिवलेले नसणार. मी शिवते. भांडगावच्या आमच्या वस्तीवर, रस्त्याकडेच्या खोलीत माझं मशीन आहे आणि आसपासच्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. ब्लाउज शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडावं लागतं. बाई सुटली की तेवढं उसवून ब्लाउज सैल करून द्यायचा. तर हे उसवायचं काम कधी येतं, ते ऐका. लेकीचं लग्न झालं की आईचा ब्लाउज येतो. पोरगा शिकायला पुण्याला गेला की येतो. नवऱ्याला कंपनीत कायमची रात्रपाळी लागली की येतो. "काय की बाई, थायरॉइड झाला का काय," म्हणत, हसत हसत बाई पिशवी पुढं करते. मीपण हसते आणि कात्री घेते.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगते. मला राग आला की शेंगदाणे लागतात. भाजलेले, सालासकट. मालकांशी वाजलं की मी डबा घेऊन मशीनवर बसते आणि कुडुमकुडुम सुरू करते. तोंडानं भांडता येत नाही तेवढं दातांनी भांडून घेते म्हणा ना! डब्याचा तळ दिसेस्तोवर राग गेलेला असतो आणि पोटात जळजळ सुरू झालेली असते. माझी लेक प्राची दौंडला कॉलेजात जाते. ती परवा मोबाईल नाचवत म्हणाली, "आई, तू करतीस ना, ह्याला इमोशनल इटिंग म्हणतात. पोटासाठी नाही, मनासाठी खाणं." म्हटलं, बरं झालं बाई, नाव तरी सापडलं. नाव इंग्रजीत असलं की आजाराला जरा इज्जत येते. आमच्याकडं त्याला हावरटपणा म्हणायचे. आणि तो शब्द मी ज्या बाईच्या पाठीमागं सगळ्यात जास्त ऐकला, ती माझी नणंद, सुरेखा. आमच्या वन्सं.

त्यांची आठवण आत्ताच का निघाली, तर वाऱ्यानं काढली. दिवाळी सरली, थंडी पडली, आणि आमच्या भागातली गुऱ्हाळं पेटली. हायवे सोडून कुठल्याही आडरस्त्याला लागा, उसाच्या मोळ्या आणि वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग. सकाळी दार उघडलं की आधी तो वास घरात शिरतो. उकळणारा रस, धूर, आणि थोडं करपल्यासारखं काहीतरी. काजळीचे हलके तुकडे उडत उडत येतात आणि नेमके मी धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या अस्तरावर बसतात. झटकायला गेलं की पसरतात. दरवर्षी मी गुऱ्हाळवाल्यांच्या नावानं बोटं मोडते, आणि दरवर्षी त्या वासानं माझ्या तोंडाला पाणीही सुटतं. ह्या वर्षी काजळी झटकता झटकता मी एकदम थांबले. काही वर्षांमागं असाच वारा होता, असंच अस्तर होतं, आणि वन्सं रस्त्यानं चालत आल्या होत्या.

वन्संना न्हावऱ्याला दिलेलं. न्हावरं काही परदेश नव्हे. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका, एसटीनं दुपारच्या आत माणूस पोचतं. सासरी ऊस, कांदा, गाई, दोन मजली घर. खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसलं घर. वन्संना मूलबाळ नव्हतं. दवाखाने झाले, देवधर्म झाला, मग सगळे थकले, आणि थकलेल्या माणसांचं तोंड सुटतं तसं त्या घराचं सुटलं. चौफुल्याला एसटीतून उतरून वन्सं एकट्याच चालत आल्या, तेव्हा माझ्या सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "एकलीच?"

"चार दिवस ऱ्हाते," वन्सं म्हणाल्या.

माहेरवाशिणीचे चार दिवस काय असतात ते आमच्याकडच्या बाईलाच ठाऊक. चुलीला विसावा नसतो. सासूबाईंनी पुरण घातलं. दुसऱ्या दिवशी शेंगोळ्या, तिसऱ्या दिवशी मासवडी. माझ्याकडून पाट्यावर वाटण वाटून घेतलं; मिक्सरचं चालणार नव्हतं, लेक आली होती ना! जेवायला बसलं की सासूबाई समोर ठाण मांडून. "घे गं. अजून घे. वाळलीस किती." वन्सं खाली मान घालून जेवायच्या. त्या काही वाळल्या नव्हत्या. त्यांचा ब्लाउज दंडात इतका रुतला होता की हात वर केला की शिवण उसवेल असं मला वाटायचं. पण आईच्या डोळ्याला लेक वाळलेलीच दिसते, त्याला काय करणार.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना. आणि एक गोष्ट इतकी हळू बदलली की कुणाच्या लक्षात येऊ नये. वाढणं तेच, भाकरी तीच, फक्त ते "घे गं" थांबलं. पाव्हणी म्हणून आलेल्या लेकीला आग्रह असतो. राहायला आलेल्या लेकीला नसतो. सासूबाई मुद्दाम करत होत्या असं नव्हे हो. त्यांना घोर लागला होता. गावातल्या बाया विचारायच्या, "सुरेखा हाय व्हय अजून?" आणि सासूबाई म्हणायच्या, "जाईल आता, गाईंचं हाय तिकडं." रात्री जेवताना त्या लेकीकडं न बघता वाढायच्या. मालक पाण्याचा तांब्या उचलून लगेच बाहेर जायचे. भावजयीनं अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही.

तेव्हापासून घरातलं खाणं नाहीसं व्हायला लागलं. शेंगदाण्याचा लाडू, कोपऱ्यातली खारी, सकाळची उरलेली भाकरी. मी न्याहारीला म्हणून भाकरी ठेवलेली असायची आणि शिंकाळं रिकामं. सासूबाई मांजराला शिव्या द्यायच्या. मांजर कुठलं लाडू खातंय! मला ठाऊक होतं. एकदा दुपारी मी मागच्या दारानं आले, तर वन्सं न्हाणीच्या आडोशाला उभ्या राहून खात होत्या. उभ्यानं, घाईघाईनं, चव न घेता. कुणीतरी मागं लागलंय असं. मला बघून त्यांनी तोंड पुसलं. मी बादली उचलली आणि पुढं गेले.

ह्यावर मी पुष्कळ विचार केलाय. आमच्याकडं दुःखात न खाणाऱ्या बाईचं कौतुक होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही हो तिनं, असं डोळ्याला पदर लावून सांगतात. माझ्या सासूबाईंचे तर घोर लागला की उपास सुरू. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, वार कमी पडायचे. ते चालतं. पण दुःखात खाणाऱ्या बाईला कुणी जवळ घेत नाही. आणि पुरुषांचं निराळंच. कांद्याचा भाव पडला की आमचे मालक आणि त्यांचे दोस्त ढाब्यावर बसतात, मटणाचा रस्सा ओरपतात, आणि घरी येऊन सांगतात, टेन्शन होतं म्हणून बसलो जरा. तेही मनासाठीच खाणं की! त्यांना नाही कुणी हावरट म्हणत.

वन्सं मग गुऱ्हाळावर जायला लागल्या. आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर रशीदमामांचं गुऱ्हाळ. रशीदमामांचं घराणं गावातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं, माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून वाढलेला माणूस. हल्ली कामाला सगळी बिहारकडची पोरं असतात, "हटो भाभी, गरम है" म्हणत पळणारी. पण काहिलीपाशी मामा स्वतः उभे. ती भलीमोठी कढई, तिच्यात उकळणारा रस, वर येणारी काळी मळी, ती काढायला घातलेलं भेंडीचं पाणी. रस आटत आटत सोनेरी होतो, त्याला बुडबुडे येतात जाडसर, आणि मामा फावड्यासारख्या उलथन्यावर थोडा घेऊन पाण्यात टाकून बघतात. गोळी झाली की ओतायची घाई. त्या वेळेला जो कुणी तिथं असेल त्याच्या हातात मामा उसाची सोललेली कांडी देतात. ती गरम गुळात बुडवायची, फुंकर मारायची आणि चाटायची.

"पाहिजे तेवढं खा," मामा म्हणायचे. "गुऱ्हाळावर आलेल्याला मोजून द्यायचं न्हाई. मोजलं की गूळ बसत न्हाई." खरं का खोटं देव जाणे, पण मामा ते मानायचे.

वन्सं चिपाडाच्या ढिगाला टेकून बसायच्या आणि कांडी चाटत राहायच्या. मी एकदा गूळ आणायला गेले तेव्हा बघितलं. न्हाणीच्या आडोशाची ती घाई इथं नव्हती. डोळे मिटलेले, चेहरा ऊन लागल्यासारखा लाल. एक कांडी संपली की दुसरी. मग काकवी वाटीत. मग भाकरीवर ताजा गूळ. बिहारी पोरं कौतुकानं आणून द्यायची, "दीदी, और लो." रोज तिथं बसलेली, रोज गोड खाणारी बाई, गावात बोलणं व्हायचंच. आणि एके दिवशी एवढं गोड पोटात गेलं की वन्संना ढवळलं. उठून ढिगामागं गेल्या आणि ओकल्या.

ते बघितलं पारूकाकीनं. पारूकाकी आमची शेजारीण, चिपाड न्यायला आली होती. तिच्या डोक्यात चक्र फिरलं. बाई माहेरी आलीय, नवऱ्याचा पत्ता नाही, गोड मागतीय, सुटत चाललीय, आणि आता उलटी. पारूकाकी चिपाड तिथंच टाकून पळत आमच्या अंगणात.

"अगं ए, पेढं काढ! सुरेखाला दिवस गेल्यात!"

सासूबाईंनी हातातली पळी टाकली. मी मशीनवरून उठले. वन्सं मागून येत होत्या, तोंड धुऊन, पदर ओला. सासूबाई धावत जाऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवायला लागल्या. "व्हय गं? आन् बोलली न्हाईस आईला?"

"न्हाई आई, तसलं काय न्हाई," वन्सं म्हणाल्या. "गूळ जास्त झाला."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून हसल्या. कारण आमच्याकडं पहिले तीन महिने भरल्याशिवाय कुणी सांगत नाही. नजर लागते. पहिलटकरीण विचारल्यावर नाहीच म्हणते, आणि जितकं जोरात नाही म्हणेल तितकी खात्री पटते. "बरं बरं, न्हाई तर न्हाई," पारूकाकी म्हणाली आणि डोळा मारला. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, केडगावला दवाखान्यात दाखवून आणू का? मेडिकलात पट्टी मिळती." तर मलाच बोलणं बसलं. "तुला लई घाई. तीन महिने भरू दे, मग बघू. तवर कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

कुणाच्या डोळ्यावर कसलं! संध्याकाळपर्यंत वस्तीवर पोचलं होतं. आणि आमचं घर बदललं हो. मला त्याचं वर्णन करता येत नाही. "सुरेखा, काय खावंसं वाटतंय?" सकाळी उठून सासूबाईंचा पहिला प्रश्न. मालक, जे महिनाभर बहिणीशी धड बोलले नव्हते, ते यवतहून जिलेबी घेऊन आले आणि तिच्या हातात पुडा देऊन म्हणाले, "गरम हाय, आत्ताच खा." शेजारणी झाकलेली ताटं आणायच्या. कुणी थालपीठ, कुणी आळूवडी, कुणी चिंचेचं सार. रशीदमामांच्या घरून शेवया आल्या. दिवस गेलेल्या बाईनं मागितलं आणि दिलं नाही तर पाप लागतं, ही सगळ्यांची समजूत. वन्सं दरवेळी म्हणायच्या, "अवो, खरंच तसं न्हाई." आणि बाया दरवेळी हसायच्या.

आणि मी एक पाहिलं. वन्संचं खाणं कमी झालं. ताट भरून यायचं, त्यातलं त्या दोन घास घ्यायच्या, आळूवडीचा एक तुकडा मोडायच्या आणि म्हणायच्या, "बास, भरलं पोट." मी म्हटलं, घ्या की अजून. तर म्हणे, नको वहिनी, खरंच नको. शिंकाळ्यातली भाकरी सकाळी जागेवर असायची. गुऱ्हाळावर जाणं सुटलं. दुपारी मशीनपाशी येऊन बसायच्या, काज-बटणं लावून द्यायच्या, आणि गुणगुणायच्यासुद्धा. मला तेव्हा वाटलं, पोटातल्या बाळानं बाईला शांत केलं. आपली अक्कल तेवढीच चालते.

बातमीला पाय असतात आणि हल्ली फोनही असतो. ती पूल ओलांडून न्हावऱ्याला गेली. एका सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि वन्संच्या सासूबाई उतरल्या, मागं आमचे दाजी, म्हणजे वन्संचे मालक. विहीणबाईंच्या हातात पिशवी, पिशवीत हिरवी साडी, हिरवं कापड, नारळ. चोरचोळी करायला आल्या होत्या. गर्भार बाईला पहिल्या महिन्यांत गुपचूप हिरवी चोळी घालतात, बाहेर वाच्यता न करता, ती चोरचोळी. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून तेज ओसंडत होतं. त्यांनी वन्संच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"तुम्ही शिवता न्हवं?" त्या मला म्हणाल्या. "मग माप घ्या आन् आत्ताच शिवा. अंगात घालूनच न्हेतो घरी. लक्ष्मी हाय ती आमची."

माझ्या सासूबाईंना तर काय करू आणि काय नको झालं. लेक नांदायला निघाली होती. मानानं, हिरव्या चोळीत. महिनाभराचा घोर एका सकाळीत उतरला होता. त्यांनी कढई चढवली आणि मला डोळ्यांनीच म्हणाल्या, जा, आटप लवकर.

मी वन्संना घेऊन मशीनच्या खोलीत आले आणि दार लावलं. टेप गळ्यातून काढली. हिरवं कापड टेबलावर पसरलं, कात्री घेतली.

"वहिनी, कापू नका," वन्सं म्हणाल्या. "वाया जाईल."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मी पहिल्यापसनं सांगतीय. कुणी ऐकतच न्हाई. कालच माझी पाळी आली."

बाहेर कढईत काहीतरी चर्र झालं, विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं. मी स्टुलावर बसले. वन्सं उभ्याच होत्या, हात थोडे बाजूला धरून, माप देताना बायका उभ्या राहतात तशा.

"मी खोटं बोलले न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई हो. तुम्ही न्हाईच बोललात."

मग त्या बोलल्या. एवढ्या महिन्यात नव्हत्या बोलल्या तेवढ्या. न्हावऱ्याला एकदा सणाच्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली, तेव्हा सासू भरल्या पंक्तीत म्हणाली होती, पिकत न्हाई त्या रानाला खत कशाला? दाजी शेजारीच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून वन्संना ताटावर बसून जेवण जाईना, आणि ताटावरून उठल्यावर भूक लागायला लागली. मिळेल ते, मिळेल तेव्हा. "गोठ्यात गाईंना घालायला मक्याचा भरडा असायचा. त्यातला मूठ मूठ खाल्लाय मी. गाई दूध देत्यात ना. त्यांचं कुणी मोजत न्हाई." हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मीच रडले. नाक पुसायला काही सापडेना, अस्तराचा तुकडा घेतला.

"इथं आले, तर आई घे गं म्हणायची. बरं वाटायचं. मग ते थांबलं. मग ही बातमी उठली, आन् समदी विचारायला लागली, सुरेखा, काय खावंसं वाटतंय. लगीन झाल्यापसनं मला हे कुणी विचारलं न्हवतं, वहिनी. मी न्हाई न्हाई म्हणत होते, पण त्यांनी इचारायचं थांबवावं असं मला वाटत न्हवतं. जिलेबी नको होती मला. दादा घिऊन आला, तेवढंच पुरं झालं."

"मग आता?"

"आता ह्यांच्यासंगं गेले, तर चार दिसांत कळंल. मग त्या घरात माझं काय हुईल?" त्यांनी हात खाली घेतले. "आन् न्हाई गेले, तर इथं काय हुईल, ते बी म्हाईत न्हाई."

मी म्हटलं, मी सांगते बाहेर जाऊन. त्या म्हणाल्या, "न्हाई. मी सांगते. तुम्ही फकस्त दार उघडा."

बाहेर विहीणबाई पाटावर बसल्या होत्या, समोर भज्यांची ताटली. वन्सं त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मामी, मला दिवस न्हाईत. कधीच न्हवते. मी सांगत होते."

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी वन्संकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग एवढी सुटलीस कशानं?"

"खाल्ल्यानं," वन्सं म्हणाल्या.

त्यापुढचं फार वेळ चाललं नाही. विहीणबाई उठल्या, खोलीत जाऊन टेबलावरचं हिरवं कापड घडी घालून पिशवीत भरलं, साडी भरली, नारळसुद्धा उचलला. दाजी म्हणाले, "आई, जेवून तरी..." आणि आईमागं गाडीकडं चालू लागले. दाजी माणूस वाईट नव्हते. त्यांना आईपुढं तोंड उघडता यायचं नाही, एवढंच. पण त्या ‘एवढंच’पायी माझ्या नणंदेनं भरडा खाल्ला होता. गाडी धूळ उडवत गेली. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं. लेकीकडं न बघता म्हणाल्या, "पार नाक कापलंस माझं," आणि गोठ्यात जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. वन्संही नाहीत. मालकांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. मी पुरी टोपलीभर भजी मांडीवर घेऊन मशीनवर बसले आणि एकामागून एक खाल्ली, गार झालेली, तेलकट. चव कसली आलीय, हात थांबत नव्हता.

सकाळी उठून बघते, तर वन्संनी अंघोळ करून पिशवी भरलेली. दारातच ठेवलेली. "कुठं?" मी विचारलं. "दौंडला मैत्रीण हाय एक. बघते काही दिवस." सासूबाई अंगण झाडत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण झाडू एका जागीच फिरत राहिला. मी त्यांच्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं. एवढ्या मोठ्या बाईला जाऊ नको म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. वाटलं, ह्यांना आता ती मैत्रीण तरी किती दिवस घे गं म्हणेल? मग तिथूनही पिशवी उचलायची?

तेवढ्यात पारूकाकी आली. तिला आदल्या दिवशीचं काही ठाऊक नव्हतं, बाजाराला गेली होती. हातात झाकलेलं ताट. धपाटी, वर लोण्याचा गोळा, कडेला लसणाची चटणी. "कुठंय पोटुशी बाई?" म्हणत अंगणात शिरली. वन्सं दारात खिळल्यासारख्या उभ्या. पारूकाकीनं ताट पुढं केलं, ते सासूबाईंनी मध्येच झाडू टाकून दोन्ही हातांनी धरलं.

"पारू, दिवस न्हाईत गेल्यालं," सासूबाई म्हणाल्या. "आपलीच चूक झाली. ती सांगत होती."

पारूकाकीचा चेहरा उतरला. "आगं बाई..." ती वन्संकडं बघेना. कसंनुसं हसली आणि तिचे हात ताटाकडं परत आले. बाई वाईट नव्हती. तिला वाटलं, हे ताट ज्याच्यासाठी आणलं ते कारणच राहिलं नाही, तर ठेवायचं कसं. तिनं ताट आपल्याकडं हलकेच ओढलं. सासूबाईंनी सोडलं नाही. क्षणभर दोघी म्हाताऱ्या अंगणात एक ताट धरून उभ्या.

"ताट ऱ्हाऊ दे की."

"न्हाई म्हंजी, दिवस न्हाईत म्हणतीस न्हवं..."

"न्हाईत. मग?" सासूबाईंचा आवाज चढला. रस्त्यानं चाललेल्या माणसानंसुद्धा वळून बघावं एवढा. "लेक हाय ती माझी. घरी आलीय. भूक लागती तिला. बाईला खायला पोटात कुणी असायला लागतं व्हय गं?"

पारूकाकीनं हात सोडले. सासूबाई ताट घेऊन वळल्या, दारातल्या पिशवीपाशी आल्या आणि थांबल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र भांडल्यासारखा.

"सुरेखा, ती पिशवी उचल माझ्या वाटंतनं. आन् हात धू."